दसऱ्याचं ग्रीस

मोटारीचे भाग आपसांत बोलत, त्या जुन्या काळची ही गोष्ट. साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मोटारीत टिकटिक ऐकू येऊ लागली.

"गिअरबॉक्सराव, तुमचीच दाढ दुखतेय!" इंजिन म्हणालं.

"माझी? मागच्या चाकांना विचारा की!"

"मीच तो," गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या मधल्या दांड्याचा सांधा म्हणाला. "कोरडा पडलोय."

आधीचे मालक अण्णा दर दसऱ्याला गाडीखाली आडवे होऊन त्याला ग्रीस भरत, मगच बॉनेटला हार घालत. अण्णा गेले, आणि हार तेवढा उरला.

"मग गप्प राहा बाबा, नाहीतर भंगारात जाशील," गिअरबॉक्स कुजबुजला.

"आणि घाटात तुटलो तर?"

दसऱ्याला अण्णांच्या लेकीनं, मंदाकिनीनं, धुवायला गाडी बाहेर काढली. सांधा जीव खाऊन वाजला.

"अगंबाई, हे काय?" तिनं हार बाजूला ठेवला, अण्णांचा ग्रीसपंप शोधला आणि गाडीखाली शिरली.

ग्रीस भरून तिनं गाडी पुन्हा हलवली, तेव्हा टिकटिक थांबली होती.

"एवढा आवाज होता, तर इतकी वर्षं कुठं होतास?" इंजिननं विचारलं.

सांधा हळूच फिरला. "अण्णा होते तोवर ओरडावं लागलंच नाही."