विहिरीतले मासे

तात्यासाहेब रणनवरे शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा लंडनमध्ये वाढलेल्या पुतण्याला द्यायची, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. मुलाखत नुसती नावाला; शेजारी हेडमास्तरही बसले होते. समोर बसली होती प्रणाली खिलारे, मेंढपाळाची लेक, इंग्रजीत एम.ए., बी.एड.

"दहावीला इंग्रजीत काठावर पास!" तात्यासाहेब हसले. "आमचा पुतण्या इंग्रजीतच वाढलाय. तुम्ही काय शिकवणार?"

प्रणालीनं भिंतीवरचा फोटो पाहिला. पोहण्याच्या शर्यतीत मिळालेली ढाल घेऊन तरुण तात्यासाहेब उभे होते.

"साहेब, पोहायला कुठं शिकलात?"

"गावच्या विहिरीत!" तात्यासाहेब खुलले. "गणू सुतारानं पाठीला डबा बांधून शिकवलं. तो स्वतः लहानपणी दोनदा बुडता बुडता वाचलेला. पोर कुठं घाबरतं, ते त्याला बरोबर कळायचं."

"विहिरीत मासे नव्हते?"

"होते की, ढिगानं!"

"ते तर जन्मापासून पाण्यातच. मग त्यांच्याकडं का नाही शिकलात?"

हेडमास्तरांना हसू आवरेना. तात्यासाहेबांनी एकदा फोटोकडे पाहिलं आणि पुतण्याची फाईल मिटून बाजूला ठेवली.