न पडणारा गिअर

“मग गाडीत वहाण चालायचीच नाही, असा हा नवस बोललात तरी कधी, वहिनी?”

दस्तगीर वस्तादांनी विचारलं, आणि द्वारकाबाईंचे हात आपसूक जोडले गेले.

“जीप दारात आली त्याच दिवशी. जानुबाईपुढं नारळ ठेवला नि म्हटलं, आई, लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या सुनेची कूस उजव. याच जीपमधून ती बाळ घेऊन घरी येईल, तोवर आमच्या घरातल्या कुणाची वहाण या गाडीत पडायची नाही.”

“आणि पडली नाही?”

“दोन वर्षं झाली. एकदाही नाही.”

“तरीच. हणमंता उतरला तेव्हा पायाचा आवाज आला नाही. म्हटलं, पोरगं अनवाणी कसं?”

वस्ताद पत्र्याच्या शेडपुढं, जांभळीच्या सावलीत खाटेवर बसले होते. सत्तरी उलटलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड तेवढा कळायचा. माणूस ओळखायचा तो आवाजावरून. पाना हातात धरणं त्यांनी सोडलं होतं, पण घाटाखालच्या चार गावांतले ड्रायव्हर अजूनही त्यांना विचारल्याशिवाय इंजिनाला हात लावत नसत.

एक जण सोडून. तो म्हणजे द्वारकाबाईंचा हणमंत.

दोन वर्षं तो याच शेडमध्ये शिकला होता. पाना कसा धरायचा, तेही वस्तादांनीच दाखवलेलं. पुढं आयटीआयचा कागद हाती आला, आणि वस्तादांची विद्या त्याला जुनी वाटू लागली. आत्ता तो जीपखाली उताणा पडला होता. बाहेर दिसत होते ते नुसते तळवे, काळवंडलेले.

“वस्ताद,” तो खालूनच म्हणाला, “गिअरबॉक्स उतरवायचा जॅक तेवढा द्या. बाकीचं मी बघतो.”

“किती वेळ लागंल?”

“दोन दिवस. दाते झिजलेत. माल मिळाला तर दोन, नाहीतर चार.”

द्वारकाबाईंची नजर वर घाटाकडं गेली.

सारिका, त्यांची सून, पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती, वर माळावर. नववा भरलेला. काल नर्सबाई तपासून आल्या आणि आज सकाळी त्यांनी निरोप धाडला... बाळ पोटात आडवं आहे. कळा सुरू व्हायच्या आत तालुक्याला आणा, आजच्या आज. माळावर फोन कधी लागायचा, कधी नाही. रस्ता म्हणजे दगडांची चळत. सरकारी गाडी घाटाच्या पायथ्याशी थांबते; वर चढते ती फक्त चारही चाकं ओढणारी हणमंताची जीप.

आणि तिचा गिअर पडत नव्हता.

“हणमंता,” वस्ताद म्हणाले, “होतं काय नेमकं?”

“सांगितलं की. खरखर करते. पहिल्या वळणावर दुसऱ्यातून पहिल्यात घ्यायला गेलो, तर नुसते दाते वाजले. गाडी मागं यायला लागली. आईनं उडी टाकून चाकाला दगड लावला, म्हणून वाचलो.”

“मग माघारी वळवलीस कशी?”

“बंद करून रिव्हर्स टाकला.”

“पडला?”

“पडला की.”

“खरखर?”

“...नाही.”

जांभळीवरून एक पिकलं जांभूळ टपकन पत्र्यावर पडलं.

“म्हणजे गाडी बंद केली,” ते हळूच म्हणाले, “की झिजलेले दाते नवे होतात म्हणायचं.”

द्वारकाबाईंना हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. जीपखालचे तळवे जरासे हलले.

हणमंत बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, चेहरा उतरलेला. पण मान अजून ताठ.

“बरं, गिअरबॉक्स नसेल. मग क्लचप्लेट गेली. तरी गिअरबॉक्स उतरवायलाच लागणार. जॅक द्या.”

“देतो. जॅक कुठं पळून चाललाय?” वस्ताद काठी टेकत उठले. “आधी गाडीत बस. इंजिन बंद ठेव. पहिला टाक.”

हणमंतानं टाकला. दुधावरच्या सायीत चमचा शिरावा, तसा पडला.

“आता क्लच दाब. पूर्ण. दाबूनच ठेव... आणि मी सांगेन तेव्हा चालू कर.”

एवढं बोलून वस्ताद चाचपडत जीपच्या तोंडापुढं जाऊन उभे राहिले. दोन्ही तळहात त्यांनी बोनेटवर टेकवले.

“अहो वस्ताद!” द्वारकाबाई पुढं धावल्या. “समोरून सरका की! दिसत नाही तुम्हाला...”

“म्हणून तर हात लावलाय, वहिनी. हणमंता, कर चालू.”

“वस्ताद, बाजूला व्हा.”

“का? क्लच दाबलाय ना तू?”

“दाबलाय.”

“पूर्ण?”

“पूर्ण!”

“मग भितोस कशाला? चालू कर.”

हणमंतानं किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं... आणि जीप इंचभर पुढं सरकली. वस्तादांची पावलं मातीत घसरली. हणमंतानं ब्रेकवर पाय मारला, इंजिन आचका देऊन बंद पडलं, आणि द्वारकाबाईंनी जानुबाईचं नाव घेत वस्तादांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं.

वस्ताद मात्र खूश दिसत होते.

“बघ,” ते तळहात झटकत म्हणाले. “तू म्हणतोस, सोडलंय. ती म्हणते, धरलंय. दोघांत खोटं कोण बोलतं?”

हणमंतानं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

“क्लच म्हणजे काय, हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुला.”

“इंजिन आणि गिअर यांचा हात सोडवायचा,” हणमंत पाठ म्हणावं तसं म्हणाला.

“सोडवायचा कसा?”

“दाबून.”

“अर्धा दाबून?”

“मी पूर्ण दाबतोय, वस्ताद! माझ्या पायाला कळतंय की, टेकला म्हणून.”

“टेकला. बरोबर.” वस्तादांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “कशाला टेकला?”

हणमंतानं पेडल पुन्हा एकदा दाबून बघितलं.

“कधीपासनं खरखर करते?”

“रविवारपासून. आधी रिव्हर्सला ओरडायची, मग पहिल्याला, आता सगळ्यालाच.”

“रविवारी काय केलं होतंस गाडीला?”

“काहीच नाही. शप्पथ. हात लावला नाही.”

“तू नसशील लावला...” वस्ताद थांबले. मग म्हणाले, “वहिनी, जरा इकडं या. इंजिन बंद आहे, भिऊ नका. हणमंता, पाय काढ. वहिनी, क्लचच्या पेडलखाली हात घाला. काय लागतंय?”

द्वारकाबाई वाकल्या. त्यांनी दारातून आत हात घातला. बोटांना मऊ, ओळखीचं काही लागलं.

त्यांचीच गोधडी होती ती.

वैशाखाचं ऊन. इंजिनाच्या उष्णतेनं जीपचा पत्रा तव्यासारखा तापायचा. अनवाणी चालवून हणमंताच्या तळव्यांना फोड आले होते. नवस आपला आणि चटके लेकराला, हे त्यांना बघवेना. मग चार जुन्या लुगड्यांची गोधडी त्यांनी शिवली, दाट टाक्यांची. चौपदरी घडी करून रविवारी सकाळी, हळदकुंकू वाहून, त्यांनी ती ड्रायव्हरच्या पायाखाली पसरली. हणमंत बसला आणि म्हणाला होता, “आई, आता कसं लोण्यावर पाय ठेवल्यासारखं वाटतंय.”

“गोधडी आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“किती जाड?”

त्यांनी दाबून बघितलं. “दाबली तरी... दोन बोटं.”

“क्लचला शेवटची दोन बोटंच लागतात, वहिनी. तिथंच तो सुटतो.”

हणमंतानं कपाळावर हात मारून घेतला. ग्रीस सगळ्या कपाळभर झालं.

“चार दिवस मी खाली पडून सगळं तपासलं! तेल बघितलं, नळी बघितली, सगळे नट आवळले...”

“गाडीखाली बघितलंस. पायाखालचं आयटीआयच्या कागदात येत नसंल.”

टोमणा बसायचा तिथं बसला. पण या खेपेला हणमंताची मान ताठ झाली नाही. त्यानं गोधडी ओढून काढली. गाडी चालू केली. क्लच दाबला, पेडल आत, आणखी आत गेलं. पहिला टाकला. पडला. दुसरा, पडला. रिव्हर्स...

तोही पडला. कुठं कुरकुर नाही, काही नाही.

हणमंत खाली उतरला आणि वस्तादांच्या पायांवर वाकला.

“उठ, उठ. वेळ घालवू नकोस,” वस्ताद म्हणाले. “पोरगी वाट बघत असंल.”

द्वारकाबाई मात्र गोधडी पोटाशी धरून तिथंच उभ्या होत्या. डोळे भरून आले होते. आज गाडी मागं येताना दरीत गेली असती तर? आपणच शिवलं, आपणच पसरलं, वर हळदकुंकू वाहिलं...

“वस्ताद, माझा नवसच आडवा आला का हो?”

वस्तादांनी थोडा विचार केला.

“नवस पायाचा होता ना, वहिनी?”

“हो.”

“मग पेडलचं काय? ते बिचारं कधी कुणाला नवस बोललं नव्हतं.”

रडता रडता द्वारकाबाईंना हसू फुटलं. वस्तादांनी हात पुढं केला, गोधडीचे टाके अंगठ्यानं चाचपले आणि मान डोलावली.

“काम चांगलं आहे. मागच्या सीटवर टाका. सुनेच्या पाठीला लागंल.”

येताना मागची सीट सारिकेला आडवं व्हायला मोकळी हवी होती आणि पुढं तिची आई बसणार होती. म्हणून द्वारकाबाई या खेपेला वस्तादांपाशी पायथ्यालाच थांबल्या. जीप ओढा ओलांडून घाटाला लागली. पहिलं वळण... इंजिनाचा आवाज जरा खाली आला, पुन्हा चढला, आणि गाडी वर निघून गेली.

दुपार कलू लागली. वस्तादांच्या सूनबाईंनी चहा आणून दिला, तो कपातच गार झाला. द्वारकाबाई जप करत होत्या, पण माळेचे मणी बोटांतून निसटत होते. कळा आधीच सुरू झाल्या असतील तर? वरून निघायला उशीर झाला असेल तर? त्या दर घटकेला उठायच्या, रस्त्यापर्यंत जायच्या, परत यायच्या.

“बसा, वहिनी. तुम्ही चालून गाडी लवकर येत नाही.”

“तुम्हाला बरं जमतं बसायला.”

“मला दुसरं काय जमतंय आता?” वस्ताद म्हणाले, आणि खाटेवर त्यांना जागा करून दिली.

बराच वेळ गेला...

“आली,” वस्ताद म्हणाले.

द्वारकाबाईंनी कान टवकारले. त्यांना काही ऐकू येईना. झाडीतलं वारं तेवढं होतं.

“कुठं आहे?”

“वरच्या वळणावर. तिसऱ्यात आहे... आता दुसरा घेईल.”

द्वारकाबाईंनी श्वास रोखला. आता ती खरखर येणार, दगडावर करवत घासावी तशी... आली नाही.

“पडला?”

“पडला.”

मग त्यांनाही इंजिन ऐकू येऊ लागलं. एकेका वळणाशी त्या पदर मुठीत घट्ट धरायच्या, आणि वस्ताद एकच शब्द बोलायचे, “पडला.” सहा वळणं झाली. झाडीतून धूळ उठली. मागोमाग जीप दिसली, सावकाश, एकेक दगड जपत उतरणारी. खिडकीतून एक हात बाहेर आला, हिरव्या चुड्याचा, आणि हलला.

“सारिका!” द्वारकाबाई ओरडल्या. “हसतेय वस्ताद, हसतेय ती! कळा नाहीत! आई जानुबाई...”

पुढं डांबरी रस्ता होता, आणि दवाखाना पाऊण तासावर. मधे एवढा ओढा राहिला होता. काठाशी येऊन जीप मंदावली. पाण्यात शिरायला पहिला घ्यायला हवा होता.

द्वारकाबाई तिकडं धावायला निघाल्या, तर वस्तादांनी एक बोट वर केलं. त्या थबकल्या. वस्तादांची मान किंचित वाकडी झाली होती. मोतीबिंदूचे पांढुरके डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू गाभाऱ्यात उभे आहेत.

जीप पाण्यात उतरली.

“काय ऐकताय एवढं?” द्वारकाबाईंनी हलक्या आवाजात विचारलं. “मला तर गिअरचा काहीच आवाज आला नाही.”

“तोच ऐकतोय, वहिनी... तुम्हीही ऐका.”