दचकूबाईचं छप्पर

टप्!

दचकूबाईच्या नाकावर थेंब पडला.

दचक्! दचकूबाई दचकली.

"अगंबाई! घरात पाऊस? घरात कसा पाऊस?"

दचकूबाई म्हणजे एक चिचुंद्री. नाक लांब, शेपटी लांब, जीव एवढास्सा. घर तिने स्वतः बांधलं होतं. इवल्या पंजांनी माती उकरली, भिंती उभ्या केल्या. वर ठेवलं पळसाचं पान. झालं छप्पर!

आता तिने वर पाहिलं. वर पान नाही. वर आभाळ! वारा आला आणि पान भुर्रर्र!

घटकेत ऊन. घटकेत पाऊस. तिची तीन पिल्लं भिजली.

"आक्छी! आक्छी! आक्छी!"

"चला रे बाळांनो, धरा शेपटी!"

पहिल्याने आईची धरली. दुसऱ्याने पहिल्याची. तिसऱ्याने दुसऱ्याची. निघाली वरात, तुरुतुरु तुरुतुरु.

झाडावर होता शिंपी पक्षी. चोच म्हणजे सुईच. पानाला पान शिवायचा.

"शिंपीदादा, अहो शिंपीदादा, छप्पर शिवता का?
पिल्लं माझी भिजतात!"

"आक्छी! आक्छी! आक्छी!"

"शिवतो की! का नाही शिवणार?" शिंपी म्हणाला. "पण पानं ठेवू कशावर? आधी सुताराला काठ्या ठोकू दे. मग मी आलोच समज."

ऊन पडलं. तुरुतुरु तुरुतुरु.

टक टक टक! दचक्!

खोडावर होता सुतार पक्षी. चोचीने लाकूड ठोकत होता.

"सुतारदादा, अहो सुतारदादा, काठ्या ठोकता का?
शिंपी काही शिवेना,
पिल्लं माझी भिजतात!"

"आक्छी! आक्छी! आक्छी!"

"ठोकतो की! का नाही ठोकणार?" सुतार म्हणाला. "पण ती भिंत कोणी बांधली?"

"मी."

"तरीच! वाकडी आहे. आधी कुंभारणीला लिंपू दे. मग मी आलोच समज."

पाऊस आला. तुरुतुरु तुरुतुरु.

गुंऽऽऽ! दचक्!

फांदीवर होती कुंभारीण माशी. मातीचं इवलं मडकं घडवत होती.

"कुंभारीणताई, अहो कुंभारीणताई, भिंत लिंपता का?
सुतार काही ठोकेना,
शिंपी काही शिवेना,
पिल्लं माझी भिजतात!"

"आक्छी! आक्छी! आक्छी!"

"लिंपते की! का नाही लिंपणार?" कुंभारीण म्हणाली. "पण चिखल आणू कुठून? डबक्यावर तो धोबी उभा. चोच मारतो मेला! आधी त्याला हलू दे. मग मी आलेच समज."

ऊन पडलं. तुरुतुरु तुरुतुरु.

सपक् सपक्! दचक्!

डबक्यावर होता धोबी पक्षी. शेपटी वर, शेपटी खाली.

"धोबीदादा, अहो धोबीदादा, जरा हलता का?
कुंभारीण काही लिंपेना,
सुतार काही ठोकेना,
शिंपी काही शिवेना,
पिल्लं माझी भिजतात!"

"आक्छी! आक्छी! आक्छी!"

"हलतो की! का नाही हलणार?" धोबी म्हणाला. "पण शेपटी ओली आहे ना! वाळत आली की पाऊस. आधी त्या ढगाचं काय ते ठरू दे. मग मी हललोच समज."

"ढगाला विचारलंत का?"

"मी? मी कशाला विचारू? तू विचार!"

पाऊस आला. तुरुतुरु तुरुतुरु. वरात टेकडीवर.

वर होता ढग. काळा काळा, मोठा मोठा.

"ढगकाका," दचकूबाई हळूच म्हणाली. ढगाला ऐकूच गेलं नाही.

मोठ्याने ओरडावं? आणि ढग रागावला तर?

"आक्छी!" धाकटं पिल्लू शिंकलं.

मग दचकूबाईने डोळे मिटले. पोटभर श्वास घेतला. आणि ओरडली. पिल्लंही ओरडली.

"ढगकाका, अहो ढगकाका, काय ते ठरवता का?
धोबी काही हलेना,
कुंभारीण काही लिंपेना,
सुतार काही ठोकेना,
शिंपी काही शिवेना,
पिल्लं माझी भिजतात!"

गडगड गडगड! दचक्! पण दचकूबाई पळाली नाही.

"मला म्हणतेस?" ढग म्हणाला. "अगं, मला कोणी विचारलंच नाही! थोडी करतो, थांबतो. पुन्हा थोडी करतो."

"काय करता?"

"पावसाची शू गं! फार जोराची लागलीये."

पिल्लं खुदकन हसली.

"मग जरा धरून ठेवता का? छप्पर होईपर्यंत?"

"धरतो. पण लवकर करा हं!"

ढगाने धरून ठेवली. ऊन पडलं. धोबी वाळला.

"झालं का?" वरून ढग.

"नाही हो!" खालून दचकूबाई.

धोबी हलला, डबकं मोकळं. कुंभारणीने चिखल आणला. लिप् लिप् लिप्, भिंत सरळ.

"झालं काऽ?"

"नाही होऽ!"

भिंत सरळ, सुतार आला. टक टक टक, काठ्या घट्ट.

"झालं काऽऽ? अगं, मला राहवत नाही!"

"थांबा होऽऽ!"

काठ्या घट्ट, शिंपी आला. पानाला पान, पानाला पान. सुई आत, सुई बाहेर.

छप्पर झालं! पिल्लं आत शिरली. दचकूबाईने तिघांना पुसलं. कोरडी, कोरडी, कोरडी.

बाहेर सगळे उभे. छाती फुगवून.

"छप्पर मी घातलं," शिंपी म्हणाला.

"काठ्या कोणाच्या? माझ्या!" सुतार म्हणाला.

"भिंत कोणी सरळ केली? मी!" कुंभारीण म्हणाली.

"आणि हललं कोण? मी!" धोबी म्हणाला.

"अहो, आत या ना सगळे," दचकूबाई म्हणाली.

ऐकतंय कोण! मी, मी, मी, मी!

मग दचकूबाईने दारातून नाक बाहेर काढलं आणि मोठ्ठ्याने हाक मारली.

"ढगकाकाऽऽ, अहो ढगकाकाऽऽ! झालंऽऽऽ!"

"ओऽऽऽ!" म्हणाला ढग.

धो! धो! धो! धो!