शेवूचा दोडका आणि शिळं पाणी

शेवूच्या ताटात रोज भाकरी असायची आणि भाकरीशेजारी मीठ-तिखट. आई दिवसभर विड्या वळायची. भाजीवाल्याची आरोळी आली की ती हळूच खिडकी लावून घ्यायची. तेव्हा शेवूनं ठरवलं, भाजी आपणच पिकवायची.

शेत कुठलं, म्हणाल? शेत नव्हतंच. पण पेठेतल्या ज्या उंच चाळीत ती राहायची, तिला ऐसपैस गच्ची होती. शेवूनं तिथं एक फुटकी बादली ठेवली, तिच्यात माती भरली आणि दोडक्याचं काळं बी टोचलं. काही दिवसांत इवलासा पोपटी कोंब वर आला. मग त्याचा लांबच लांब वेल झाला आणि कुरळ्या तणाव्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीला बिलगला.

पण उन्हाळा कडक झाला. नळाला पाणी अधूनमधूनच येई. घरातला हंडा प्यायला राखून ठेवावा लागे. वेलाची पानं माना टाकू लागली. वेल गेला तर ताटात पुन्हा नुसती भाकरी, हे शेवूला पक्कं ठाऊक होतं.

एका संध्याकाळी वेलावर एक पिवळंधमक फूल उमललं. त्यात अंगठ्याएवढी परी बसली होती. तिचा घागरा हळदीच्या रंगाचा होता आणि चिमुकल्या पंखांवर सोनेरी धूळ चमचमत होती.

"शेवू," परी गोड आवाजात म्हणाली, "तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन. पण एक नियम आहे बरं. मला नवीन काही बनवता येत नाही. तू मागशील ते दुसऱ्या कुठून तरी येईल."

नियम ऐकून घ्यायला कुणाला धीर असतो? शेवूलाही नव्हता. "माझं पिंप पाण्यानं भरू दे," बादलीशेजारच्या छोट्या रिकाम्या पिंपाकडे बोट दाखवत ती म्हणाली.

छुन्न! पिंप काठोकाठ भरलं आणि त्यात गुलाबी आभाळ डुलू लागलं. तेवढ्यात तळमजल्यावरून यल्लव्वा आजींचा आवाज आला. आजी एकट्या राहायच्या. गुडघे दुखायचे म्हणून त्यांनी कित्येक वर्षांत जिना चढला नव्हता.

"अगं बाई, माझ्या हंड्यातलं पाणी कुठं गेलं? आता भात कशात शिजवू मी?"

पिंपातलं पाणी कुठून आलं ते शेवूला कळलं. तिनं कळशी उचलली आणि जिना उतरून, पुन्हा चढून, आजींचा हंडा भरेपर्यंत पाणी नेलं. पिंप रिकामं झालं. कोमेजलेल्या वेलाकडे तिनं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तिला रडू आलं असतं. परी मात्र फुलातून तिच्याकडे बघत होती.

सकाळी नळाला पाणी आलं आणि चाळीत एकच धांदल उडाली. सगळ्यांचं पहिलं काम काय? कालचं पाणी ओतून देणं. "शिळं झालं गं," म्हणत घरोघरी घागरी मोरीत रित्या होऊ लागल्या. शेवूची आईसुद्धा तेच करत होती. चांगलं नितळ पाणी खळखळत गटारात निघालं होतं.

शेवू धावत गच्चीवर गेली. फूल मिटायला आलं होतं आणि परी जांभई देत होती.

"परी, मला हे शिळं पाणी हवंय. ते कुणालाच नकोय."

"मग त्यासाठी इच्छा कशाला खर्च करतेस, वेडे? सरळ त्यांच्याकडे माग."

शेवूनं पहिलं दार नागमणीमावशींचं ठोठावलं. मावशींनी डोळे मोठे केले. "शिळं पाणी झाडाला चालतंय व्हय गं?"

"मावशी, झाडाला ताजं-शिळं कळत नाही. त्याला तहान कळते."

मावशी हसल्या आणि स्वतःच घागर घेऊन वर आल्या. मग दारोदारच्या घागरी वर आल्या. कुणी तांदूळ धुतलेलं पाणी आणलं, कुणी खतासाठी भाजीची सालं, कुणी आपला फुटका डबा. यल्लव्वा आजी आपली कळशी जिन्यापाशी आणून ठेवू लागल्या. एरवी जिन्यात तोंड फिरवून जाणारी माणसं गच्चीवर गप्पा मारू लागली. पालक उगवला, लालचुटुक टोमॅटो डोकावले आणि दोडक्याचा वेल फुलांनी पिवळा झाला.

"आता दुसरी इच्छा सांग," एका संध्याकाळी नव्या फुलातून परी म्हणाली.

शेवू या वेळी नीट विचार करून बोलली. "यल्लव्वा आजींनी रोज पाणी दिलं, पण त्यांनी बाग पाहिलीच नाही. हा वेल त्यांच्या खिडकीपर्यंत जाऊ दे." मग तिला नियम आठवला. तिचा आवाज बारीक झाला. "पण ते कुठून येईल? कुणाचं काही जाणार नाही ना?"

"या वेळी माझ्यातून येईल," परी म्हणाली. "मला द्यावंसं वाटतंय."

तिनं पंख पसरले. सोनेरी उजेड वेलात शिरला आणि वेल सळसळत गच्चीवरून खाली निघाला, प्रत्येक खिडकीला एकेक कोवळा दोडका टांगत, थेट तळमजल्यापर्यंत. सगळी भिंत पिवळ्या फुलांनी उजळून निघाली. त्या उजेडात परी विरघळून गेली.

यल्लव्वा आजींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि फुलांवरून हळूच फिरवला. मग आपला दोडका तोडून त्यांनी शेवूच्या हातात ठेवला. "हा तुझ्या आईला दे बाळा. माझ्या वाटणीची भाजी तुझ्या ताटात पडू दे."

त्या संध्याकाळी शेवूच्या आईनं खिडकी सताड उघडी ठेवून दोडक्याची भाजी फोडणीला टाकली. वाटीभर भाजी घेऊन शेवू आधी आजींकडे गेली, आणि मग जेवायला बसली.