डोणीतली दुसरी धार

त्या मुलखात पाऊस नव्हता. जे काही पाणी होतं ते कुणाच्या तरी पाठीवरून यायचं. पाठ थकली की वाहणारा तहानेनं मरायचा, म्हणून जुन्या जाणत्यांनी दोन रिवाज घालून ठेवले होते.

एक मालकाच्या दारातला. रोजच्या पिण्यातला एक घोट जनावरानं मालकाच्या हौदात सोडायचा, आणि मालकानंही, कुरकुरत का होईना, आपल्या घागरीतली एक ओंजळ त्यात घालायची. दुसरा वेशीवरचा. प्रत्येक वेशीवर जमिनीत एक भोक होतं. येता-जाता प्रत्येकानं त्यात एक चूळ टाकायची. ती कुठं जाते, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोंडाजी नावाच्या रेड्यानं चाळीस उन्हाळे पखालीतून पाणी वाहिलं. वेशीवर रोज चूळ टाकली आणि रोज शिवी हासडली. "राजाच्या बापाचं पोट भरतोय आपण," म्हणायचा. मग एक दिवस त्याचे गुडघे बोलायला लागले. मालकानं पाठीवरची पखाल उतरवली, कपाळाला कुंकू लावलं आणि त्याला म्हाताऱ्यांच्या माळावर सोडून दिलं.

माळावर प्रत्येकाला एकेक दगडी डोण होती. तिच्यात एका बाजूनं मालकाच्या हौदातली धार पडायची. बारीक, पण न चुकता. दुसऱ्या बाजूला एक काळा दगड बसवलेला. तो ज्याचा त्यानं ठोकायचा. ठोकल्याशिवाय दुसरी धार सुटायची नाही, आणि ठोक म्हणून सांगायलाही कुणी यायचं नाही.

कोंडाजीनं ठोकला नाही. एका तोंडाला कुणी दोन धारा देईल, हे त्याला पटतच नव्हतं. दगड ठोकला की वर खबर जाणार, याला एक धार आहेच की. आणि मग आहे तीही बुजवणार. उभ्या जन्मात त्याला न मागता मिळाला होता तो फक्त चाबूक. दुसरं काय वाटणार?

शेजारच्या डोणीवर गोदी होती, कुंभाराची माती वाहून म्हातारी झालेली गाढवीण. तिच्या डोणीत दोन्ही बाजूंनी पाणी पडायचं.

"चोरटी आहेस, गोदे."

"चोरी कसली, बुवा? वेशीवर टाकलं होतं तेच पितेय."

"धरतील तेव्हा कळेल."

"दोन उन्हाळे झाले की! धरणारे माझेच भाऊबंद दिसतात, गाढवं."

कोंडाजीनं नाक फेंदारलं आणि तोंड फिरवलं.

ऊन चढलं. बारीक धार रेड्याच्या जिवाला पुरणार कशी? प्यायलं तर अंग भिजायचं राहायचं, अंग भिजवलं तर घसा. कातडीला भेगा पडल्या, भेगांत माश्या बसल्या. गोदीनं आपल्या डोणीवर बोलावलं, तर गड्यानं शेपूट आपटली. एका सकाळी तो उठलाच नाही. पुढचे पाय टेकवायचा, मागचे साथ देत नव्हते.

गोदी जवळ येऊन उभी राहिली. आज तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"मेलास तर ती धार काय बरोबर नेणार आहेस?"

कोंडाजी घासत घासत दगडापाशी गेला आणि एक डोळा मालकाच्या धारेवर ठेवून त्यानं शिंग मारलं.

धार थांबली नाही. दुसरंही काही झालं नाही. आणि मग खाली, जमिनीच्या पोटात, काहीतरी हललं. आधी लांब, डोंगरापलीकडं. मग दुसरीकडून, मग आणखी कुठून तरी. शेकडो वाटांनी निघालेला आवाज एकमेकांत मिसळत त्याच्याकडं येत होता. माळावरच्या साऱ्या म्हाताऱ्यांनी कान टवकारले. एवढं मोठं काही कधी कोंडाजीसाठी निघालं नव्हतं.

दगड सरकला. पाण्याला कोळशाचा वास होता, मिठाचा होता, ओल्या लोकरीचा होता. त्यानं कधी न वाहिलेल्या ओझ्यांचे वास. मालकाची धारही तशीच पडत होती. तिचं पाणी गार, जुनं, हौदातल्या शेवाळाच्या चवीचं. दोन्हींच्या मधोमध त्यानं तोंड घातलं आणि तो थबकला.

नवं पाणी कोमट होतं. आत्ताच कुणाच्या तरी तोंडातून उतरल्यासारखं.