कुंभाराची आत्या

सरदार हैबतरावांच्या गावात एका कुंभाराचं नावच सरदार होतं. हैबतरावांच्या ते डोळ्यांत खुपायचं. एके दिवशी त्यांनी त्याला भर कचेरीत उभं केलं.

"हे नाव तुला ठेवलं कुणी?"

"आत्यानं, सरकार. बारशाला तिनंच कानात सांगितलं. परत घ्यायचं तर तिनंच घ्यावं."

"मग आण तिला इथं!"

कुंभार ओशाळला. "ती वारली, सरकार. अन् खरं सांगायचं तर माझ्या बापाला बहीणच नव्हती. लढाईतून पळालेला एक पाहुणा आमच्या घरात लपला होता. ऐन बारशात शत्रूचे शिपाई झडती घ्यायला आले. पाहुण्यानं घाईनं मिशा उतरवल्या, लुगडं नेसलं आणि आत्या होऊन पाळण्याशी बसला. घाबरून तोंडाला आलं ते माझ्या कानात सांगितलं."

हैबतरावांचे कान तापले. त्यांचे वडील त्या मोहिमेवरून मिशांविना परतले होते. नवस फेडला, असं घरी सांगितलं होतं.

कुंभार हात जोडून म्हणाला, "पाहुणा कोण, ते सांगू?"

सगळी कचेरी कान टवकारून बसली होती. हैबतरावांची मान वर होईना.

"नको," ते पुटपुटले, "या तुम्ही, सरदार."