दगडाने विचारलं नाही

डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रानातले प्राणी मिळून एक तळं खोदत होते. काम गव्यांच्या कळपाने काढलेलं. खोदताना एखादा गवा जखमी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला कळपाच्या साठ्यातून बसल्या जागी खायला मिळे.

एका सकाळी काठावरून मोठा दगड घरंगळला. भुऱ्या गव्याचा खूर ठेचला आणि शेजारी माती उकरणाऱ्या उकरी घुशीचा पंजाही. भुऱ्याला सावलीत बसवून चारा दिला. उकरी लंगडत कळपाच्या म्होरकीकडे, सोनकळीकडे गेली.

"बाई, पंधरा दिवस तरी मला उकरता यायचं नाही. घरी पिल्लं आहेत. माझंही काही बघा."

"अगं, पण तू कळपातली कुठे आहेस?" सोनकळी म्हणाली.

उकरी परत जायला वळली. तेवढ्यात भुऱ्या सावलीतून ओरडला, "सोनकळीबाई, दगडाने पडताना विचारलं होतं का, कोण कळपातलं नि कोण बाहेरचं?"

सोनकळी ओशाळली. "थांब उकरी," ती म्हणाली. "आजपासून इथे जो राबेल, त्याचा या साठ्यावर हक्क." आणि तिने स्वतः कंदमुळं आणून उकरीपुढे ठेवली.

बातमी रानभर झाली. दुपारी मुंग्यांची लांबलचक रांग आली.

"आम्हीही माती वाहतो. आम्हालाही मिळेल?"

"तुम्हाला तर ठेचायला सहा-सहा पाय!" सोनकळी हसत म्हणाली. "तुमच्यासाठी साठा वाढवावाच लागणार."

सगळं रान खदखदून हसलं, आणि दुखरा पंजा सांभाळत उकरीही.